समासात

एकतीस वर्षं मी या शहराचे मीटर वाचले.
वहीत युनिट शाईनं,
आणि समासात पेन्सिलीनं, फक्त माझ्यासाठी:
कवठ, मागच्या दारी. कुत्रा सुटा असतो.
चिचबिलाई, आतून गुलाबी. फांदी रस्त्यावर येते, विचारायची गरज नाही.
फालसा. बाई देत नाहीत. नातू देतो.

साहेबानं एकदा वही तपासली. म्हणाला, हे काय?
म्हटलं, खुणा आहेत सर, घर सापडायला.
अगदीच खोटं नव्हतं ते.
महालातल्या बोळात नुसत्या नंबरावरून
कोणी निनाव्यांचं घर शोधून दाखवावं.
मी तुतीच्या डागांवरून जायचो.
फाल्गुनात त्यांच्या पायऱ्या जांभळ्या,
आत माग खटखटत,
आणि दोरीवरच्या पांढऱ्या धोतरावर
तुती खाल्लेल्या पाखरांचे ठिपके.
"पाहा जी," निनावे म्हणायचे, "हा काठ काही आमच्या मागावरचा नाही."

संत्र्याचं विचाराल तर
संत्रं आम्ही पाहुण्यांना देतो.
टोपलीत भरून, वर गवत घालून, स्टेशनावर.
घरी जे खातो ते टोपलीत जात नाही.

पारडीच्या पल्याड एका बोडीत
भागरथा शेंडे शिंगाडे काढायची,
गळ्यापर्यंत पाण्यात, मडक्यावर हात टेकून.
मला सायकलवरून उतरताना पाहिलं की ओरडायची,
"काऊन जी, पाण्यालेबी मीटर लावता का आता?"
एवढं बोलून ओंजळभर काठावर फेकायची.
हिरवे, काटेरी, चिखलासकट.
बोटातून रक्त काढल्याशिवाय शिंगाडा आत येऊ देत नाही,
आणि आत गेल्यावर बघाल तर पांढरा, थंड, फार काही चव नसलेला.
तरी आश्विन आला की मला पारडीची पाळी हवी असायची.

जरीपटक्यात केवलरामानींच्या भिंतीशी भोकर होतं.
त्यांनी सांगितलेलं त्याचं नाव
तीनदा लिहूनही मला जमलं नाही.
बी कुठून आणलं विचारलं
तर म्हातारा पश्चिमेकडे बघायचा,
मग आत जाऊन लोणच्याची बरणी आणायचा.

आणि वैशाख.
सिव्हिल लाइन्स, सेहेचाळीस डिग्री,
डांबर बुटाला धरून ठेवायचं.
"आधी तोंड, मग रीडिंग," रिबेकाबाई साळवे म्हणायच्या.
पोर्चमध्ये पितळी वाटी,
वाटीत पाणी, पाण्यात खिरण्या,
पिवळ्या, करंगळीच्या पेराएवढ्या.
खिरणीला चीक असतो. आठ-दहा खाल्ल्या की ओठ चिकटतात.
त्यामुळे बिल वाढल्याचं
मी त्यांना कधीच सांगू शकलो नाही.

आता मीटर फाटकाबाहेर खांबावर आहेत.
स्वतःला स्वतःच वाचतात.
रिटायर माणसानं लोकांच्या दाराशी उभं राहून काय म्हणावं?
नमस्कार, तुमचं रामफळ पिकलं का?

यंदा तरी गेलो.
बंगल्याभोवती निळे पत्रे.
पत्र्यामागे छप्पर नाही, पोर्च नाही,
झाड आहे.
फटीतून वॉचमन म्हणाला, "कोन पायजे?"
तोंडातून सवयीनं निघालं, "मीटर."
"लाइन तं कवाचीच कापली."
मग त्यानं पाहिलं मी कुठे बघतोय.
पत्रा हातभर सरकवला.

उईके, देवलापारचा.
खुर्चीखालून त्यानं गमछा काढून सोडला:
वेचलेल्या खिरण्या,
एका कोपऱ्यात गावाहून आलेली मूठभर चार,
दोन टेंबरं, एक फुटलेलं.
"आमच्या गावाले याच्याहून गोड राह्यते," म्हणाला.
मी म्हटलं, असेल.
तो पत्र्याच्या त्या बाजूला बसला, मी या बाजूला,
गमछा मधे.
बिया त्यानं आत थुंकल्या, मी रस्त्याकडे.

झाड कधी पाडणार, हे विचारायचं होतं.
ओठ चिकटले होते.
त्याचेही, बहुधा.